पट्ट्यावरचा नंबर

दिवाळीच्या आगेमागे तेलगावच्या चौकात ट्रॅक्टर उभे राहायला लागले की आमच्या गल्लीतली कुत्री अस्वस्थ होतात. भांडी पोत्यात जायला लागली, कोंबड्या डालग्याखाली गेल्या, पिठाच्या डब्याला दोरी बसली, की कुत्रं उंबऱ्यापाशी येऊन बसतं आणि हाकललं तरी उठत नाही.

हा चौक म्हणजे चार वाटांचं तोंड. एक वाट माजलगावला जाते, एक घाट चढून धारूरला, एक वडवणीवरून बीडला आणि एक सिरसाळ्यावरून परळीला. गावाला लागूनच लोकनेते सुंदरराव सोळंके सहकारी साखर कारखाना. परक्या माणसाला प्रश्न पडतो, कारखाना दारात असताना इथली माणसं ऊस तोडायला सांगली-कोल्हापूरला आणि पार कर्नाटकात का जातात? उत्तर सोपं आहे. ज्या मुकादमाकडून उचल घेतली, तो नेईल तिकडं जायचं. आणि इथल्या कारखान्यावर बाहेरच्या टोळ्या येतात. हिवाळ्याचे चार महिने आमचं अर्धं गाव दुसऱ्याच्या शिवारात असतं आणि आमच्या शिवारात दुसऱ्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या.

माझ्या शेजारी असंच एक घर आहे. नवरा-बायको, म्हणजे मुकादमाच्या वहीत एक कोयता. सोबत नऊ वर्षांची मुलगी, खिलारी बैलजोडी आणि भुऱ्या. भुऱ्या गावठी कुत्रा. लातूरकडं लांब तोंडाची, बारीक कमरेची कारवानी कुत्री असतात, त्यातलं याच्यात काही नाही. रंग मातीचा, उजवा कान जरा मोडका. त्याचा जन्मच टायरगाडीखालचा, कुठल्याशा फडातला. पुढं एकदा कारखान्याच्या रस्त्यावर तो ट्रकखाली जाता जाता वाचला आणि तेव्हापासून त्याला न्यायचं बंद झालं. जाताना त्याची जबाबदारी माझ्याकडं. मी निवृत्त शिक्षक, घरी दोघंच, शिळ्या भाकरीची अडचण नाही.

पण भुऱ्याला हे मान्य नसे. ट्रॅक्टर हलला की तो मागं धावायचा. चौकापर्यंत, कधी त्याच्याही पुढं. मग दोन-तीन दिवस पत्ता नाही. आणि रात्री आठच्या सुमारास फोन यायचा, कोपीतून, मागं बैलांच्या घाटीचा आवाज.

“गुरुजी, भुऱ्या कुठंय?”

“हाय की अंगणात,” मी सांगायचो. शाळेत तीस वर्षं मुलांना खरं बोलायला शिकवलेला माणूस मी.

हे खोटं बोलणं नको म्हणून मागच्या वर्षी पुण्याहून आलेल्या पुतण्याकडं विषय काढला. त्यानं पुढच्या खेपेला कोटाच्या बटणापेक्षा जरा मोठी एक पांढरी चकती आणली, रबरी खोळीत घातलेली. “काका, ही पट्ट्याला अडकवा. फोनवर दिसेल कुठं आहे ते.”

इथं एक गोष्ट आधी नीट समजून घ्यायला हवी, कारण मलाही ती महिनाभर समजली नव्हती. या चकतीला स्वतःला कुठं आहोत हे कळत नाही. तिच्यात ना उपग्रहाचं यंत्र आहे, ना सिमकार्ड. मनगटी घड्याळातल्यासारखा एक चपटा सेल आहे, तो वर्षभर पुरतो, आणि त्यावर ती दर थोड्या वेळानं ब्लूटूथवरून एक बारीक हाक मारते. शेजारून जाणाऱ्या कुणाच्याही खिशातल्या फोनला ती हाक ऐकू आली, की तो फोन स्वतःचा ठावठिकाणा कुलूपबंद करून परस्पर वर पाठवतो. फोनवाल्याला याचा पत्ता नसतो. कुलपाची किल्ली फक्त चकतीच्या मालकाकडं. ॲपलनं २०२१ साली असे एअरटॅग बाजारात आणले ते चाव्या आणि पिशव्यांसाठी. जगभरच्या लोकांनी ते कुत्र्या-मांजरांच्या गळ्यात बांधले. आता अँड्रॉइड फोनचंही असं जाळं आहे आणि त्यावर चालणाऱ्या चकत्या निरनिराळ्या कंपन्या विकतात.

म्हणजे कुत्रा शोधतात ती रस्त्यानं जाणारी माणसं, त्यांच्या नकळत. मला हे कळलं तेव्हा हसू आलं. आमच्या लहानपणी गाय हरवली की वडील चावडीवर उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचे, “तांबडी दिसली का कुठं, डाव्या शिंगाची मोडकी?” हीसुद्धा तीच चावडी. फक्त विचारणारं बटण आहे आणि सांगणाऱ्याला आपण सांगितलं हे माहीत नाही.

मी वही घातली. मास्तरकीची खोड. रोज सकाळ-संध्याकाळ फोन उघडायचा आणि नकाशावरचा ठिपका कुठं आहे, किती वेळापूर्वीचा आहे, ते लिहायचं. आठ-दहा दिवसांत वहीनं एक गोष्ट स्पष्ट केली. माझ्या फोनच्या हिशोबानं भुऱ्या सतत चौकात राहत होता. हॉटेलसमोर, रसवंतीसमोर, बसथांब्याशी. प्रत्यक्षात तो दिवसातला फार तर तास-दीड तास चौकात असे, एरवी ओढ्याच्या काठानं, उसाच्या कडेनं, बांधाबांधानं. पण बांधावर फोन कुठं असतात? असला तरी एखाद्याच दारं धरणाऱ्याचा. आणि माझी चकती ज्यावर चालते त्या अँड्रॉइडच्या जाळ्यात मुद्दाम अशी सोय आहे, की साधारणपणे बरेच फोन एकाच जागेवरून चकती पाहतात तेव्हाच ती जागा कळवायची. एकट्यादुकट्या फोनवरून नाही. कारण उघड आहे. रानात एकच फोन असला आणि त्यानं ठिकाण कळवलं, तर त्या फोनवाल्याचं घरच उघडं पडेल. बाईमाणसाच्या पर्समध्ये कुणी चोरून अशी चकती टाकली तर काय, याचाही विचार त्यामागं आहे. मला हा विचार पटतो. पण तो शहरात बसून केलेला आहे. उसाच्या दहा एकरांत त्याचा अर्थ होतो, कुत्रा नाहीच.

आणखी एक शोध. चकती जवळ असली की फोनवरून तिला वाजवता येतं. अंगणात भुऱ्या समोर असताना वाजवली तर बेल छान वाजते आणि तो स्वतःभोवती गिरकी घेतो. पण तोच गाडीखाली मुटकुळं करून झोपला आणि चकती गळ्याखाली दबली, की पंधरा पावलांवरून फोन म्हणतो, संपर्क नाही. ब्लूटूथच्या लहरी पाण्यात मुरतात आणि कुत्रं काय, माणूस काय, बरंचसं पाणीच. ऊसही तसाच. दव पडलेल्या उभ्या फडात चकती पट्ट्यातून काढून ठेवली आणि मी पाचवी सरी मोजेपर्यंत ती गप्प झाली.

याच्या तुलनेत बैलाच्या गळ्यातली घाटी बघा. तिला सेल लागत नाही आणि रात्रीच्या शांततेत ती अर्ध्या मैलावरून ऐकू येते. ज्याचा बैल त्याला आपल्या घाटीचा आवाज दहा घाट्यांतून ओळखता येतो. घाटी ओतताना धातू कमी-जास्त होतो, लोळी लाकडाची की लोखंडाची यावर सूर बदलतो. माझे वडील अंथरुणात पडल्या पडल्या सांगायचे, कुणाचं जनावर कुणाच्या रानात शिरलं. हे मी जुन्याचं कौतुक म्हणून सांगत नाही. घाटीचा दोषही मोठा आहे. ती चोरालाही ऐकू येते आणि चोर पहिल्यांदा तीच काढतो.

शेजाऱ्याच्या बैलांच्या गळ्यात घाटी आहे, आणि कानात बिल्लाही आहे. गळ्यातल्या चकतीच्या नादानं मी त्या बिल्ल्याकडं पहिल्यांदा नीट पाहिलं आणि मग बिल्ले मारायच्या दिवशी मुद्दाम जनावरांच्या दवाखान्यात जाऊन बसलो.

काम मिनिटाभराचं असतं, पण त्या मिनिटात चार माणसं गुंततात. जनावर खोड्यात घ्यायचं. एकानं वेसण धरून मान वळवायची. पशुधन पर्यवेक्षक कान हातात घेऊन आधी उजेडाच्या दिशेला धरतो. मी विचारलं, काय बघता? म्हणाला, “शिरा. शीर धरली तर रक्त थांबत नाही, मग मालक आपल्यालाच शिव्या देतो.” कानाच्या मधोमध, दोन शिरांमधली जागा औषधाच्या बोळ्यानं पुसायची. पिवळ्या बिल्ल्याचे दोन भाग असतात. एकाला टोकदार दांडी, दुसऱ्याला भोक. दोन्ही एका पक्कडीत बसवायचे, दांडी कानाच्या मागच्या बाजूनं, आणि एका दमात दाबायचं. टक्क असा आवाज येतो. बैल एकदा मान झाडतो आणि लगेच समोरच्या कडब्याकडं बघतो. हळू दाबलं तर मात्र तो उधळतो, तेव्हा नवशिक्याचं हे काम नाही.

बिल्ल्यावर बारा आकडे आणि पट्ट्यापट्ट्यांचा बारकोड. तो नंबर मोबाईलवरच्या ‘भारत पशुधन’ या व्यवस्थेत चढवायचा. जात, वय, वेत, लसी, मालकाचं नाव, गाव आणि मालकाचा फोन नंबर. लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेल्ला यांच्याविरुद्ध देशभरची मोहीम सप्टेंबर २०१९मध्ये सुरू झाली, तेव्हापासून या बारा आकड्यांना जोर आला. खरी किंमत कळली ती २०२२च्या लम्पी रोगाच्या साथीत. मेलेल्या गाईला ३० हजार, बैलाला २५ हजार, वासराला १६ हजार अशी मदत सरकारनं जाहीर केली आणि मग, मेलेलं जनावर होतं आणि ते तुमचंच होतं, हे दाखवायची वेळ आली. १ जून २०२४पासून तर राज्यात बिल्ला नसलेल्या जनावराची खरेदी-विक्री आणि वाहतूक बंद केली. बिल्ल्याला लोकांनी ‘जनावराचं आधार कार्ड’ हे नाव आधीच देऊन टाकलं होतं.

मी बसलो होतो त्या दुपारी एक म्हातारा बैल घेऊन आला. बिल्ला होता, पण बाभळीच्या काट्यात अडकून कान फाटलेला, बिल्ला लोंबत होता. पर्यवेक्षकानं नंबर टाकून नोंद काढली. बैल सापडला, मालकाचं नाव बरोबर, वय बरोबर. “बाबा, तुमचा नंबर लावून बघतो,” म्हणून त्यानं नोंदीतला फोन लावला. बाईचा रेकॉर्ड केलेला आवाज आला, हा क्रमांक अस्तित्वात नाही. म्हातारा म्हणाला, “पोरानं कार्ड बदललं की. तिकडं रेंज येत नव्हती.”

मला तेव्हा ती एक किरकोळ गोष्ट वाटली. वहीत टिपली आणि विसरलो.

बिल्ला जनावराला शोधत नाही, सापडलेल्या जनावराला ओळखतो. या दोन गोष्टींत लोक सारखी गल्लत करतात. शहरात कुत्र्यांच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप टोचतात, तिच्याबद्दलही हाच गैरसमज. तिला बॅटरी नसते, ती उपग्रहाशी काही बोलत नाही. वाचायचं यंत्र अंगाला जवळजवळ टेकवलं तर ती फक्त पंधरा आकडे सांगते. रस्त्यावरच्या कुत्र्याच्या कानाला नसबंदीनंतर इंग्रजी व्हीसारखी खाच पाडतात, तीही ओळखच. मुंबईत २०२३च्या जुलैमध्ये विमानतळाबाहेरच्या वीसेक भटक्या कुत्र्यांच्या गळ्यात क्यूआर कोडचे पट्टे बांधले गेले. मोबाईल धरला की कुत्र्याचं नाव, लसीची माहिती, सांभाळणाऱ्याचा संपर्क. मला या सगळ्यांत ते सगळ्यात शहाणपणाचं वाटलं. यंत्र कमी, माणूस जास्त.

ओळख नसली की काय होतं हे आमच्या भागानं डिसेंबर २०२१मध्ये पाहिलं. माजलगाव तालुक्यातलं लवूळ. वानरं कुत्र्याची पिल्लं उचलून झाडावर, घरांवर नेतात आणि तिथून ती पडून मरतात, अशी बातमी झाली. अडीचशे पिल्लांचा आकडा लंडन-न्यूयॉर्कपर्यंत गेला, माकडांनी सूड घेतला असे मथळे झाले. नागपूरहून वनखात्याचं पथक आलं, दोन वानरं पकडून नेली. अडीचशे हा आकडा कुणी, कसा मोजला? गावातल्या कुत्र्यांना ना बिल्ला, ना नाव, ना कुठं नोंद. गावात माणसांची किती पोरं आहेत हे मला पटावरून सांगता येतं. कुत्र्याच्या पिल्लांचा पट नसतो. मग जो मोठ्यानं बोलेल त्याचा आकडा.

दुसऱ्या वर्षी पुतण्या जिद्दीला पेटला. चकती रानात चालत नाही ना, मग हे घ्या, म्हणून त्यानं उपग्रहवाला पट्टा आणला. त्यात सिमकार्ड. वर्षाची वर्गणी वेगळी. हा पट्टा खरोखर स्वतः कुठं आहे ते ओळखतो. वीस हजार किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांचे इशारे ऐकून जागा काढतो आणि मोबाईलच्या नेटवर्कवरून कळवतो.

असल्या पट्ट्यानं महाराष्ट्रात एक मोठी गोष्ट सिद्ध केलेली आहे, ती सांगायलाच हवी. २००९ साली तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरला एक वयस्क बिबट्या विहिरीत पडला. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि वनखात्यानं त्याच्या गळ्यात जीपीएस पट्टा घालून त्याला माळशेज घाटात सोडलं. त्याचं नाव आजोबा. तो सव्वाशेच्या आसपास किलोमीटर चालत थेट मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पोहोचला. महामार्ग ओलांडले, कसाऱ्याच्या रेल्वेरुळांजवळून गेला, वस्त्यांच्या शेजारून गेला आणि कुणाला कळलंही नाही. पट्टा नसता तर यावर कुणी विश्वास ठेवला नसता. पुढं २०११मध्ये तो महामार्गावर गाडीच्या धडकेनं मेला आणि त्याला ओळखलं ते अंगातल्या चिपवरून. २०१४ साली ‘आजोबा’ नावाचा मराठी सिनेमाही आला. बिबट्याचा पट्टा दिवसातून मोजक्या वेळाच ठिकाण कळवतो, म्हणून त्याची बॅटरी महिनोन्महिने पुरते.

भुऱ्याच्या पट्ट्याला तसला संयम नव्हता. तो दर काही मिनिटांनी बोलायचा, म्हणून तीन दिवसांत थकायचा. चार्जिंगला लावायचा म्हणजे गळ्यातून काढायचा. काढायला गेलो की भुऱ्याला तो खेळ वाटे. दुसरं असं, की जड पेटी पट्ट्यावर सरकून कायम गळ्याखाली येते. तिचं तोंड आभाळाकडं हवं, असायचं ते जमिनीकडं. आणि पत्र्याखाली झोपला की विचारूच नका. इशारे पत्र्याला, भिंतीला धडकून येतात आणि पट्टा चकतो. घराभोवती मी नकाशावर एक गोल आखला होता, त्याबाहेर गेला की फोन ओरडणार. पहिल्या रात्री फोन पाच वेळा ओरडला. दर वेळी बॅटरी घेऊन बाहेर गेलो, भुऱ्या पत्र्याखाली घोरत होता आणि नकाशावर शेजारच्या विहिरीत पडलेला होता. पाचव्या खेपेला बायको म्हणाली, “आता तो झोपलाय आणि तुम्हीच हिंडताय. पट्टा तुम्हीच बांधा.”

धारूरच्या बाजूला, बालाघाटाच्या पायथ्याशी रेंज जाते-येते, तिथं तो तासन्‌तास मुका राहायचा आणि नेटवर्कात आल्यावर जुने ठिपके एकदम ओकायचा. पण एक मान्य करतो. त्या तीन आठवड्यांत भुऱ्याचं खरं आयुष्य मला कळलं. तो पहाटे चारला उठून ओढ्याच्या कडेनं एका ठरावीक वस्तीवर जातो, तिथं थांबतो, उजाडल्यावर परत येतो. त्या वस्तीवर जाऊन विचारलं तर म्हातारी म्हणाली, “आमचाच हाय की तो. राजा म्हणतो आम्ही.”

गाई-म्हशींसाठी मोठ्या गोठ्यांतून आता वेगळे पट्टे आलेत. ते जागा नाही, हालचाल मोजतात. किती वेळ रवंथ, किती चाल, किती बसणं. गाय माजावर आली की चाल वाढते, रवंथ कमी होतं, फोनवर खबर येते. म्हशीचा मुका माज ज्यानं चुकवलाय, त्यालाच कळेल एकवीस दिवस फुकट जाणं म्हणजे काय. दोन जनावरांच्या दारात मात्र तो पट्टा परवडत नाही आणि लागतही नाही. दोन गाई असल्या की बाई त्यांच्या डोळ्यांकडं बघून सांगते.

पौष महिन्यात एका संध्याकाळी उपग्रहाचा पट्टा खिळ्यावर चार्जिंगला टांगलेला होता. भुऱ्याच्या गळ्यात फक्त जुना चामडी पट्टा आणि त्याला ती पांढरी चकती. रस्त्यानं उसाच्या टायरगाड्यांची रांग कारखान्याकडं चाललेली. सकाळी भुऱ्या नव्हता.

वस्तीवर नाही, ओढ्याला नाही. दूधवाल्याला विचारलं, पेपरवाल्याला विचारलं. रात्री आठला फोन. “गुरुजी, भुऱ्या कुठंय?” मी पहिल्यांदा खरं सांगितलं. पलीकडं पोर काही बोललीच नाही. घाटी तेवढी वाजत राहिली.

ज्या चकतीला मी महिनाभर नावं ठेवली, तिनं चौथ्या दिवशी तोंड उघडलं. ठिपका कारखान्याच्या गाडीतळावर. साहजिक होतं. तिथं शेकडो माणसं, शेकडो फोन, रात्रंदिवस. चकतीला हवी तशी गर्दी. पण ठिपक्याभोवती जो फिका गोल होता त्यात सगळा गाडीतळ मावत होता. वजनकाट्यापासून पार गव्हाणीपर्यंत. नंबर लागायची वाट बघत टायरगाड्यांच्या ओळी, जूं खाली टेकवलेली, बैल सोडलेले, वाढ्याचे ढीग, चुली. चकती वाजवून बघितली. ट्रॅक्टरांच्या गाण्यांत आणि गव्हाणीच्या घरघरीत ती काय ऐकू येणार? मग मी तेच केलं जे वडिलांनी केलं असतं. ओळीच्या एका टोकापासून विचारत निघालो. मातकट कुत्रा, उजवा कान मोडका.

तिसऱ्या ओळीत एक बाई भाकरी थापत होती. परभणीकडची टोळी. तिनं मान न वळवता हातातल्या उलथन्यानं गाडीखाली दाखवलं. “त्यो का? चार दिस झालं. हाकललं तरी जात न्हाई.” गाडीखाली, खिलारी बैलांच्या पायांशी, भुऱ्या मुटकुळं करून पडला होता. ज्या जागी तो जन्मला तसल्याच जागी. मला बघून शेपूट हलवली, उठला मात्र नाही.

तिथला रखवालदार जवळ आला. म्हणाला, “तुमचा हाय का? अहो, म्या पैल्याच दिवशी बघितलं, पट्ट्यावर नंबर हाय. दोन बारीला लावला. नंबर अस्तित्वात न्हाई म्हणती बाई.”

मी पट्टा बघितला. चामड्यावर खिळ्यानं कोरलेला, शेजाऱ्याचा जुना नंबर. त्यानंही तिकडं गेल्यावर कार्ड बदललं होतं. मी वर्षभर त्या पट्ट्यात चकत्या आणि पेट्या अडकवत होतो आणि त्या दहा आकड्यांकडं एकदाही पाहिलं नव्हतं. ते बरोबर असते तर पहिल्याच संध्याकाळी भुऱ्या घरी असता.

रात्री व्हिडिओ कॉल लावला. पोरीनं भुऱ्याकडं बघितलं, मग विचारलं, “कुणाच्या गाडीखाली होता?” परभणीच्या, म्हटलं. “बैल कसले होते?” खिलारी. “मंग बरोबर हाय,” ती म्हणाली आणि फोन आईकडं दिला. तिच्या नावाचं शिक्षण हमी कार्ड मीच शाळेत भरून घेतलं होतं, गाव बदललं तरी तिथल्या शाळेत नाव लागावं म्हणून. हंगामी वसतिगृहात ठेवा असंही म्हणालो होतो. कार्डावर पालकाच्या फोनची ओळ असते. तिथंही तो जुनाच नंबर होता. दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन बदलून आलो. बैलांच्या बिल्ल्याच्या नोंदीतला मात्र ती माणसं परत आल्यावरच बदलेल.

उपग्रहाचा पट्टा मी पुतण्याला परत केला. चकती ठेवली, गर्दीत तिचा उपयोग आहे हे नाकारता येत नाही. चौकातल्या चप्पलवाल्याकडून नवा चामडी पट्टा करून घेतला आणि त्यावर पितळी पत्रा ठोकून दोन नंबर घातले, एक माझा, एक त्यांचा. चामडं आणि पत्रा मिळून दीडशे रुपये.

तुमच्या दारात कुत्रं असेल, गोठ्यात बैल असेल, तर त्याच्या पट्ट्यावरचा किंवा बिल्ल्याच्या नोंदीतला नंबर आज एकदा स्वतः लावून बघा, वाजतो का.